शिकणाऱ्यासाठी बांधलेलं विमान : एचटीटी-40 आणि टर्बोप्रॉपची गोष्ट



आमची शाळा ओझरपासून फार लांब नाही. सुखोई डोक्यावरून गेलं की फळ्यावरचा खडू थांबतो, पोरं खिडकीकडे पळतात आणि आवाज ओसरला की आपण पुन्हा अपूर्णांकाकडे वळतो. नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षकांना याची सवय आहे. 17 ऑक्टोबर 2025 रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह ओझरच्या एचएएल कारखान्यात आले, तेव्हा इथे बांधलेलं पहिलं तेजस मार्क-1ए आकाशात झेपावलं. सगळ्या बातम्या तेजसच्याच होत्या. पण त्याच दिवशी तिथे आणखी एका विमानाच्या उत्पादनाची दुसरी लाईन सुरू झाली. त्याचं नाव एचटीटी-40. आठवीतला एक मुलगा त्याचा फोटो कापून घेऊन आला आणि म्हणाला, "सर, याला तर पुढे पंखा आहे. मग हे जुन्या काळातलं विमान ना?"

प्रश्न चांगला होता, आणि माझ्याकडे त्या क्षणी पूर्ण उत्तर नव्हतं. नंतर वाचलं, मुलांना सांगितलं, आणि आता इथे लिहितो आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात किंवा वर्गात एनडीएचं स्वप्न बघणारं एखादं मूल असतंच. त्याला हवाई दलात जायचं असेल तर खडकवासल्यानंतर हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या अकादमीत ते याच जातीच्या विमानात पहिल्यांदा बसणार आहे. तेव्हा ही माहिती निव्वळ सामान्यज्ञानाची नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत 'पंख' आणि 'पंखा' यांत एका कान्याचा फरक, म्हणून मुलं गोंधळतात. विमानाला उचलून धरतो तो पंख. नाकावर फिरतो तो पंखा, त्याला आपण इथे प्रोपेलर म्हणू. एचटीटी म्हणजे 'हिंदुस्तान टर्बो ट्रेनर'. यातल्या 'टर्बो'मध्येच त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पंखा आहे, पण आतलं इंजिन वेगळं

जुन्या प्रोपेलर विमानांत मोटारीसारखं पिस्टनचं इंजिन असायचं. पिस्टन खालीवर होणार, क्रँकशाफ्ट फिरणार, त्याला जोडलेला प्रोपेलर फिरणार. टर्बोप्रॉपमध्ये पिस्टनच नाही. तिथे जेट विमानासारखंच टर्बाइन इंजिन असतं. हवा आत ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं आणि त्या तापलेल्या वायूने टर्बाइनची चाकं फिरवायची. फरक एवढाच की जेटमध्ये तो वायू मागे जोरात फेकून धक्का मिळवतात, तर टर्बोप्रॉपमध्ये त्याची बहुतेक ताकद प्रोपेलर फिरवण्यात खर्च होते.

एचटीटी-40 मध्ये हनीवेल कंपनीचं टीपीई331-12बी हे इंजिन आहे, साधारण 1,100 अश्वशक्तीच्या वर्गातलं. या जातीच्या इंजिनाचा आतला दांडा मिनिटाला 41 हजारांहून जास्त फेरे घेतो. इतक्या वेगाने प्रोपेलर फिरवला तर पात्यांची टोकं आवाजाच्या वेगापलीकडे जातील, प्रचंड गोंगाट होईल आणि ओढ मिळणार नाही. म्हणून मध्ये गिअरबॉक्स असतो. तो हे फेरे सुमारे वीस पटीने कमी करून प्रोपेलरला देतो. मुलांना शिलाई मशीनचं उदाहरण पटकन कळतं. तिथे पायाखालचं मोठं चाक सावकाश फिरतं आणि वरचं छोटं चाक भराभर. इथे बरोबर उलटं.

आणखी एक गंमत आहे. या इंजिनात टर्बाइन आणि प्रोपेलर एकाच दांड्याला गिअरमार्फत कायमचे जोडलेले असतात. उड्डाणात फेरे जवळजवळ तेवढेच राहतात. वैमानिकाने थ्रॉटल पुढे ढकलला की इंधन वाढतं आणि प्रोपेलरच्या पात्यांचा कोन बदलतो, पाती हवेला जास्त मोठा घास घेतात. त्यामुळे ताकद लगेच मिळते. जुन्या जेट इंजिनांना मात्र वेग घ्यायला काही सेकंद लागायचे. नवशिक्या वैमानिक जमिनीजवळ चुकला आणि त्याला उतरणं सोडून पुन्हा वर जायचं असेल, तर ते काही सेकंद फार मोठे असतात.

म्हणजे 'पंखा आहे म्हणून जुनं' हे बरोबर नाही. ब्रिटनच्या हवाई दलाने तर उलटा प्रवास केला. त्यांच्याकडे जेट प्रोव्होस्ट हे जेटवर चालणारं प्रशिक्षण विमान होतं. ते काढून त्यांनी 1980 च्या दशकात टर्बोप्रॉपवर चालणारं टुकानो निवडलं आणि 2019 पर्यंत वापरलं. मूळ टुकानो ब्राझीलच्या एम्ब्राएर कंपनीचं. 1980 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. ब्रिटिशांनी त्यात इंजिन बदलून घेतलं, आणि ते होतं हेच टीपीई331-12बी. जेट सोडायचं कारण साधं होतं. शिकवायला रोज, तासन् तास उडावं लागतं. कमी उंचीवर आणि मध्यम वेगाला टर्बोप्रॉप जेटपेक्षा बरंच कमी इंधन पितं. शिवाय त्याला जेटचंच इंधन चालतं, पिस्टन इंजिनासारखं वेगळं पेट्रोल साठवावं लागत नाही.

सतरा अपघात

आता या गोष्टीतला दुखरा भाग.

2009 पर्यंत आपले वैमानिक पहिले धडे गिरवत ते एचपीटी-32 'दीपक' या विमानावर. ते एचएएलनेच बनवलेलं, 1977 मध्ये पहिल्यांदा उडालेलं. इंजिन पिस्टनचं, 260 अश्वशक्तीचं. शिक्षक आणि विद्यार्थी मोटारीतल्यासारखे शेजारी शेजारी बसत. वैमानिकांच्या कित्येक तुकड्या यावर शिकल्या, त्यामुळे सरसकट नावं ठेवणं योग्य नाही. पण त्याचं इंजिन हवेत बंद पडण्याचा दोष गेला नाही. संशयाचा काटा मुख्यतः इंधनपुरवठ्याकडे होता. इंजिन बंद पडल्यावर विमान नीट तरंगत खाली यावं, तर तेही त्याला फारसं जमत नसे. आणि बाहेर फेकणारी इजेक्शन सीट त्यात नव्हती. म्हणजे इंजिन थांबलं की शिक्षक आणि विद्यार्थी दोघांच्या हातात फार थोडं उरायचं. 31 जुलै 2009 रोजी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या मेदक जिल्ह्यात एक दीपक कोसळलं, दोन्ही वैमानिक गेले आणि सगळी दीपक विमानं जमिनीवर आणली गेली. तोवर 17 अपघातांत 19 वैमानिकांचा जीव गेला होता.

हे आकडे वर्गात सांगताना माझा आवाज जरा खाली आला, हे कबूल करतो. या अपघातांत गेलेले काही जण शिकवणारे होते, आपल्याच पेशातले.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे. एचएएलने 1984 मध्येच दीपकला टर्बोप्रॉप इंजिन लावून एचटीटी-34 नावाचं विमान उडवून दाखवलं होतं. ते हवाई दलात आलं नाही. ते आलं असतं तर सगळेच प्रश्न सुटले असते असं मी म्हणणार नाही, इजेक्शन सीटचा प्रश्न तरी तसाच राहिला असता. पण 1984 आणि 2009 यांत पंचवीस वर्षं आहेत.

दीपक बंद झाल्यावर पहिल्या पायरीचं विमानच उरलं नाही. नवख्या कॅडेटना थेट किरण या जेट विमानावर बसवावं लागलं. पहिलीत बाराखडी न शिकवता मुलाला एकदम चौथीच्या पुस्तकावर बसवावं तसं. मे 2012 मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीशी 75 पीसी-7 मार्क-2 विमानांचा करार झाला आणि 2013 मध्ये ती दुंडिगलला दाखल झाली. हीसुद्धा टर्बोप्रॉपच.

पण गरज 75 पेक्षा बरीच जास्त विमानांची होती. उरलेली आम्ही बनवू, असं एचएएलचं म्हणणं. हवाई दलाचं त्या वेळचं मत वेगळं होतं. आपलं विमान महाग पडेल, वेळ लागेल, त्यापेक्षा आणखी पिलाटस घ्या. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. ज्याला उद्या सकाळी वर्ग घ्यायचा आहे, त्याला छापून आलेलं पुस्तक हवं असतं, तुमचा आराखडा नको. एचएएलने मात्र स्वतःचे पैसे घालून काम चालू ठेवलं. 31 मे 2016 रोजी एचटीटी-40 बेंगळुरूत पहिल्यांदा उडालं. जूनमध्ये त्याचं रीतसर उड्डाण झालं, तेव्हा तिथे संरक्षणमंत्री म्हणून गोव्याचे मनोहर पर्रीकर हजर होते. स्वतः आयआयटीतून शिकलेले इंजिनिअर.

गिरकीची परीक्षा

विमान उडालं म्हणजे झालं, असं आपल्याला वाटतं. पण प्रशिक्षण विमानाची खरी परीक्षा नंतर असते. ती म्हणजे स्पिन, आपण गिरकी म्हणू.

हे समजायला एक प्रयोग करा. टेबलफॅन लावा. पुठ्ठ्याची वीतभर पट्टी दोन बोटांत सैल धरून त्याच्यासमोर आडवी धरा. पुढची कड किंचित वर केली की पट्टी वर उचलली जाते, बोटांना कळतं. अजून वर करा, अजून उचलेल. पण एका मर्यादेनंतर ती उचलायचं सोडून फडफडते आणि नुसती मागे ढकलली जाते. विमानाच्या पंखाचं हेच होतं. समोरून येणाऱ्या हवेशी त्याचा कोन साधारण पंधरा अंशांच्या पुढे गेला की हवा पंखाच्या पाठीवरून सुटते आणि उचल एकदम कोसळते. याला स्टॉल म्हणतात. इथे मुलांची हमखास चूक होते. चौकात गाडी बंद पडली की आपण 'स्टॉल झाली' म्हणतो, म्हणून त्यांना वाटतं इंजिन बंद पडलं. विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही. इंजिन जोरात चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो.

आता समजा दोन्ही पंख एकदम स्टॉल न होता एक जास्त झाला, कारण विद्यार्थ्याचा पाय रडरवर चुकीचा पडला. तो पंख खाली जातो. खाली जाताना हवा त्याला खालून लागते, म्हणजे कोन आणखी वाढतो आणि स्टॉल आणखी खोल होतो. दुसऱ्या पंखाचं उलट होतं. चक्र सुरू झालं. विमान नाक खाली करून स्वतःभोवती फिरत पडू लागतं. घाबरलेला माणूस काय करतो? दांडा आपल्याकडे ओढतो, कारण नाक वर यावं असं वाटतं. त्याने स्टॉल वाढतो. बाहेर पडायची रीत मनाविरुद्धची आहे. थ्रॉटल मागे, गिरकीच्या उलट बाजूला पूर्ण रडर, आणि दांडा पुढे, म्हणजे जमीन समोर दिसत असताना नाक अजून खाली. हे पुस्तकातून येत नाही. शिक्षक मागे बसलेला असताना पुरेशा उंचीवर मुद्दाम गिरकीत जाऊन, पुन्हा पुन्हा बाहेर येऊनच येतं.

म्हणून प्रशिक्षण विमान बनवणाऱ्यापुढे विचित्र अट असते. विमान गिरकीत गेलंच नाही तर विद्यार्थी शिकणार कशावर? आणि गेल्यावर बाहेर आलं नाही तर विद्यार्थीच उरणार नाही. प्रवासी विमानाला ही अट नसते. तिथे गिरकीच्या आसपासही जायचं नसतं.

आणि इथेच डिझायनर अडकतात. गिरकीत पडताना हवा खालून वर वाहते. तिच्या वाटेत शेपटीचा आडवा भाग येतो आणि त्याची सावली उभ्या भागावर, म्हणजे रडरवर पडते. ज्या रडरने वाचायचं, त्यालाच हवा लागत नाही. आडवा भाग कुठे बसवायचा, उभा किती मागे न्यायचा, यावर जीव अवलंबून. एचएएलने हे महागात शिकलं आहे. त्यांचंच 'सितारा' हे पुढच्या पायरीचं जेट प्रशिक्षण विमान 2003 मध्ये उडालं, पण गिरकीतून नीट बाहेर येईना. शेवटी उभी शेपटी मागे सरकवावी लागली, विमानाचा मागचा भाग बदलावा लागला. दोन्ही बाजूंना सहा सहा गिरक्या घेऊन सुखरूप बाहेर येणं त्याला 2022 मध्ये जमलं. एकोणीस वर्षं! एचटीटी-40 या बाबतीत नशीबवान ठरलं. त्याने सहा गिरक्यांची परीक्षा त्यामानाने पुष्कळ लवकर पार केली.

मागचा बाक उंच का?

बाकीची रचनाही शिकवण्याच्या सोयीनेच ठरलेली दिसते. दीपकसारखं शेजारी शेजारी न बसता यात विद्यार्थी पुढे आणि शिक्षक मागे. लढाऊ विमानात पुढे माणूस एकटाच असतो, त्याची सवय पहिल्या दिवसापासून लागावी म्हणून. पण शिक्षकाला पुढचं दिसायला हवं, म्हणून मागची सीट उंच. टुकानोने ही पायऱ्यांसारखी बैठक रुळवली. दोघांकडे दांडा, पेडल, थ्रॉटल असे सगळे ताबे आहेत. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली जादा ब्रेक असतो, त्याची ही पुढची आवृत्ती.

दोन्ही सीट इजेक्शनच्या आहेत, आणि त्याही 'झिरो-झिरो'. म्हणजे उंची शून्य आणि वेग शून्य असताना, विमान धावपट्टीवर उभं असतानाही माणसाला बाहेर फेकून पॅराशूट उघडून देऊ शकतात. कॉकपिट वातानुकूलित आहे. मे महिन्यातलं दुंडिगल आठवा, काचेच्या घुमटाखाली बसून मूल काय शिकेल? इंजिन चालू ठेवूनच इंधन भरता येतं आणि एक विद्यार्थी उतरून दुसरा बसू शकतो. दीड तासाच्या सुट्टीऐवजी पाच मिनिटांत पुढचा तास सुरू व्हावा, तसं.

ताकदीचा एक तोटाही सांगायला हवा. दीपकच्या चौपट ताकद आणि दुपटीहून जास्त वजन, साधारण 2,800 किलो. धावपट्टीवर पूर्ण थ्रॉटल दिला की प्रोपेलरचा पीळ विमानाचं नाक एका बाजूला ओढतो. विद्यार्थ्याला पायाने रडर देऊन ते सरळ ठेवावं लागतं. जेटमध्ये हा त्रास नसतो. अनेक जुने शिक्षक मात्र याला तोटा मानत नाहीत. पाय वापरायला शिकतो तोच पुढे चांगला उडवतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि आधुनिक विमान म्हणजे अपघात नाही, असंही मुलांना सांगू नका. 4 डिसेंबर 2023 रोजी त्याच मेदक जिल्ह्यात तूप्रानजवळ एक पिलाटस कोसळलं. शिक्षक आणि कॅडेट दोघंही गेले.

घाटगे आणि ओझर

मराठी माणसाचा या गोष्टीशी संबंध ओझरच्या आधीचा आहे. स्वतंत्र भारतात आपण आराखड्यापासून बनवलेलं पहिलं विमान म्हणजे 1951 मध्ये उडालेलं एचटी-2. तेही प्रशिक्षण विमानच होतं, आणि त्यातही दोघं एकामागे एकच बसत. ते बनवणारे डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातले. जर्मनीत ग्योटिंगेनला जाऊन लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. आमच्या आठवीच्या मुलांना हे नाव माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर स्टाफरूममध्येही दोघांनाच होतं.

एचटीटी-40 साठी हवाई दलाने मार्च 2023 मध्ये 70 विमानांचा करार केला, रक्कम 6,800 कोटी रुपयांहून अधिक. यात सिम्युलेटर वगैरे शिकवण्याचं साहित्यही धरलेलं आहे, तेव्हा भागाकार करून एका विमानाची किंमत काढायचा मोह टाळा. इंजिनं अजून बाहेरूनच येतात. 2022 मध्ये 88 इंजिनांचा करार झाला होता, ती उशिरा आली आणि सप्टेंबर 2025 मध्ये विमानं द्यायचं ठरलेलं वेळापत्रक हुकलं. उत्पादनातलं पहिलं विमान, क्रमांक टीएच-4001, 24 ऑक्टोबर 2025 रोजी बेंगळुरूत उडालं.

ओझरची विमानं उडू लागली की आमच्या मैदानावरून ती कशी ओळखायची, हे मुलांनी वहीत लिहून ठेवलंय : नाकावर चार पात्यांचा प्रोपेलर, पंख खाली बसवलेले, लांबट काचेखाली एकामागे एक दोन डोकी आणि मागचं डोकं थोडं वर.